फाटकातल्या पत्रपेटीचं भोक: कामाच्या नोंदी

24 जानेवारी 2026, शनिवार

फाटकाचा डावा खांब. बाबांनी 1988 साली गडगा, म्हणजे आवाराची भिंत, नीट करून घेतला तेव्हा हा खांब उभा राहिला. जांभ्या दगडाच्या चिऱ्यावर चिरा, मधला एक चिरा वगळून पोकळी, मागे पत्र्याचं दार. पुढच्या बाजूला कोंबडी जाळी ताणून तिच्यावर गिलावा, जाडी जेमतेम इंचभर. त्यात पत्र टाकायची आडवी फट आणि फटीला लोखंडी पट्टीची चौकट. म्हणजे पुढची बाजू ही भिंत नाहीच, पापड आहे.

भोक फटीच्या खाली, उजवीकडे. उंची साडेसहा इंच, रुंद जागी चार. खालच्या कडेतून जाळीची दोन टोकं बाहेर आलीत, गंजून दाभणासारखी झालेली. गेल्या पावसाआधी इथे नुसता तडा होता.

पोस्टमनदादा बरेच दिवस पत्रं भोकातूनच टाकतात. त्यांना तरी काय बोलणार? फटीचं झाकण गंजून जाम झालंय. "ह्येच बरं हाय, हात पन आत जातो," म्हणाले. हात जातो तशी पालही जाते, वाळवीही जाते. आत एका कोपऱ्यात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलंय. आलेल्या दोन लग्नपत्रिकांपैकी एकीचा मुहूर्त वाळवीने खाल्ला होता.

माझा संशय शेजारच्या बांधकामाला चिरे आणणाऱ्या टेम्पोवर. डिसेंबरभर तो इथेच मागे-पुढे होत होता, आणि तसं मी शेजारच्या काकांना बोलूनही दाखवलंय. आईचा संशय पोरांच्या बॉलवर. कोणी का फोडेना, शिमग्याला पालखी याच फाटकातून आत येते. "तेव्हा पालखीला हे थोबाड दाखवायचं काय?" असं आई म्हणाली. तर मुदत ठरली. हातात साधारण चार शनिवार-रविवार.

25 जानेवारी

आधी ठोकून पाहिलं. थापीच्या मुठीने हलकेच मारत गेलो. गिलावा चिऱ्याला धरून असला की 'टण', सुटलेला असला की 'डब'. डब वाजेल तिथे खडूने रेघ. रेघ पुरी झाली तेव्हा भोकापेक्षा तिप्पट जागा आत आली होती आणि वरचं टोक फटीच्या चौकटीला जाऊन भिडलं होतं. टेम्पोचा धक्का असा चौकटीच्या कडेकडेने फिरत नाही. तिथेच मला शंका यायला हवी होती.

छिन्नीने सुटलेलं काढायला घेतलं. वरचा थर काळपट, गुळगुळीत, दगडासारखा कडक. बाबांच्या वेळचा गिलावा असा नाही, तो फिकट आणि जरा भुसभुशीत. कडक थराचा तुकडा सुटला तसा त्याच्यामागून वर्तमानपत्राचा बोळा बाहेर आला. अर्धा वाळवीने खाल्लेला. उरलेल्या अर्ध्यावर छापलेलं वाचता आलं: मे 2013.

मग सगळं आठवलं. त्या मे महिन्यात मी मुंबईहून चार दिवस आलो होतो. फटीच्या कोपऱ्यात तडा आणि बोटभर खड्डा होता. न्हाणीघराच्या कामातलं सिमेंट उरलेलं होतं, वाळू कुठली आणायची म्हणून दोन डबे समुद्रावरून भरून आणले. मागे पोकळी, माल आत पडू नये म्हणून पेपरचा बोळा कोंबला. वरून नुसत्या सिमेंटची रबडी फिरवून आरशासारखं चकचकीत केलं. येणाऱ्या-जाणाऱ्याने कौतुक केलं होतं. बाबांनी मात्र थापीने दोनदा ठोकलं आणि काही न बोलता आत गेले.

संध्याकाळी शेजारच्या काकांकडे जाऊन टेम्पोबद्दलचे शब्द मागे घेऊन आलो. काकांनी चहा दिला आणि आता हे वर्षभर ऐकवणार.

26 जानेवारी

खात्री करायची होती. माझ्या त्या थराचा तुकडा काल जिभेला लावून पाहिला, खारट लागला. पण इथे सगळंच थोडं खारट असतं, वाऱ्यालाही चव आहे. गावच्या हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवणारा मित्र झेंडावंदनानंतर प्रयोगशाळा उघडायला तयार झाला.

दोन नमुने नेले, एक बाबांच्या गिलाव्याचा, एक माझ्या. खलबत्त्यात कुटले आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या पाण्यात भिजवले, कारण नळाच्या पाण्यात स्वतःचेच क्षार असतात. गाळून घेतलेल्या पाण्यात आधी नायट्रिक आम्लाचे थेंब, मग सिल्व्हर नायट्रेट. आम्ल विसरलं तर सिमेंटचा अल्कलीपणाच गाळ पाडतो आणि माणूस फसतो. बाबांच्या नमुन्यात किंचित धुरकटपणा. माझ्या नमुन्यात ताकासारखा पांढरा साका.

झालं असं असणार. सिमेंटमधल्या अल्कलीमुळे लोखंडावर एक पातळ संरक्षक पापुद्रा धरतो आणि तोवर ते गंजत नाही. मिठातलं क्लोराइड तो पापुद्रा फोडतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, आणि गिलाव्यात जागा कुठून येणार? तडा जातो, तड्यातून पाणी, पाण्याने आणखी गंज. तेरा पावसाळे हे आत चाललं होतं आणि वरून आरसा चमकत होता.

31 जानेवारी

लोखंड काढलं. ग्राइंडरने चौकटीच्या चारही बाजू मोकळ्या केल्या. पट्टी मुळात तीन मिलिमीटरची, ती खारीच्या बिस्किटासारखी पापुद्रे सुटून बोटाएवढी झाली होती. एक बाजू हातातच चुरली. जाळीही गंजलेली तेवढी कापली, कापता कापता चकाकतं धातू दिसेपर्यंत मागे जात राहिलो. एका बाजूला तसं धातू दिसलंच नाही, चिऱ्याची कड आली.

आता पुढची बाजू जवळजवळ राहिलीच नाही. भोक तेरा इंच बाय अकरा इंच. आई बाहेर आली, बघितलं, म्हणाली, "बुजवायला गेला होतास ना?"

1 ते 6 फेब्रुवारी

चिऱ्यात मुरलेलं मीठ काढायचं. रोज सकाळी गोडं पाणी मारायचं, दुपारी सुकू द्यायचं, सुकल्यावर पृष्ठभागावर जो पांढरा लोणा येतो तो कोरड्या ब्रशने झाडून घ्यायचा. ओल्यावर झाडला तर मीठ पुन्हा आत. पहिले दोन दिवस पिठासारखा लोणा आला, पाचव्या दिवशी नावाला. पाणी वरच्या विहिरीचं घेतलं. खालच्या विहिरीचं होळी जवळ आली की मचूळ व्हायला लागतं.

मधल्या संध्याकाळी सामान जमवलं. वाळू हा सगळ्यात कटकटीचा प्रश्न. इथे 'रेती' म्हणून मिळते ती पुष्कळदा खाडीतली, आणि खाडीची भरती किती आत चढते ते इथल्या माणसाला सांगायला नको. काळ्या दगडाच्या खाणीवरची क्रश सँड घेतली, तीन घमेली. चाळून धुतली, कारण तिच्यात भुकटी फार. सिमेंट दुकानदाराने किलोवर सुटं दिलं. चुना मात्र शोधावा लागला. "चुना? पानाला की भिंतीला?" असं दोन दुकानांत विचारलं गेलं. शेवटी विरवलेल्या चुन्याची पिशवी मिळाली, ती रात्रभर पाण्यात भिजवून लोण्यासारखी करून ठेवली. एके काळी किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत. आज तो मिळाला असता तर तोच वापरला असता.

दुकानदार तीन तऱ्हेची केमिकलं पुढे करत होता. त्यातलं एकही घेतलं नाही. पाणी अडवणारं काही लावलं की आतली ओल आतच अडकते, आणि चिरा म्हणजे स्पंज. खालून जमिनीतली ओल ओढतो, वरून पाऊस पितो, आणि ती ओल कुठून तरी बाहेर पडायलाच हवी. म्हणून चुना. सिमेंट एक, चुना एक, वाळू सहा. हा माल एकास चारच्या नुसत्या सिमेंटपेक्षा मऊ, श्वास घेणारा, आणि भिंत थोडी हलली तर तिच्याबरोबर हलणारा. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टराने 1807 साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात चिऱ्याच्या या दगडाला लॅटराइट नाव दिलं, लॅटिनमधल्या 'वीट' या शब्दावरून. खाणीतून काढताना तो लोखंडी हत्याराने कापता येतो आणि हवेवर ठेवला की कडक होतो, हे त्याला मलबारात दिसलं. आपल्याकडे हे कोणाही चिरेखाणवाल्याला ठाऊक. पण कडक झाला तरी तो काळा दगड नव्हे. त्याच्यावर त्याच्याहून कडक कवच चढवलं की भांडण होतं तेव्हा चिराच हरतो. माझ्या 2013 च्या थराने सुटताना चिऱ्याचा पापुद्रा सोबत ओढून आणला होता.

7 फेब्रुवारी

पहिला प्रयत्न. फसला.

अडचण अशी की मागे काहीच नाही. भिंतीवरचा खड्डा असता तर माल मागच्या दगडाला चिकटतो. इथे माल हवेवर थापायचा. म्हणून मागच्या दारातून प्लायचा तुकडा आत सरकवला, त्याला प्लास्टिक गुंडाळलं म्हणजे माल चिकटणार नाही, आणि बांबूच्या काठीने मागून रेटून धरला. पुढून जाळी. नवी जाळी लोखंडाची नको म्हणून काचेच्या धाग्याची, जिला गिलाव्यात घालण्यासाठीच बनवतात. शेजारचे काका म्हणत होते, मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा घाल, फुकट आहे. नायलॉन ताणलं जातं आणि माल त्याला धरत नाही, म्हणून नाही घातलं. फुकटाचा मोह मला 2013 साली झाला होता, पुरे.

सगळं बरोबर होतं आणि मी घाई केली. एका दमात इंचभर जाडी चढवली. गुरमाळ्याने दाबलं तशी काठी सटकली, प्लाय मागे गेला आणि अख्खा थर पोटासारखा फुगून खाली आला. दुपारचे बारा वाजले होते, खांबावर ऊन, चिऱ्यांनी पाणी आधीच शोषून घेतलं होतं. वाडीतले गवंडीकाका फाटकाशी थांबले होते. ते बोलले, "भितीला माल लावतंस का तव्यावर भाकरी थापतंस?"

मग सायकल लावून आत आले आणि अर्धा तास शिकवून गेले. जुन्या गिलाव्याची कड उभी कापायची नाही, आतून तिरकी कापायची, म्हणजे नवा माल पाचरीसारखा अडकतो. कड आदल्या रात्री भिजवायची, लावताना ओली हवी पण पाणी दिसता कामा नये. पहिला थर बोटाच्या नखाएवढाच. तो जरा घट्ट झाला की खिळ्याने आडव्या-उभ्या रेघा मारून ठेवायच्या. "आन् सकाळी कर. ऊन भितीच्या मागं आसंल तवा." पैसे विचारले तर हात हलवला. शिमग्याला आमच्याकडे जेवायला यायचं ठरलं.

8 फेब्रुवारी

सकाळी साडेसहाला सुरू. खांब सावलीत, वारा जमिनीकडून, म्हणजे कोरडा पण खारा नाही. काठीच्या खाली पाचर मारून ती पक्की केली. जाळी चारही बाजूंना अडीच इंच चिऱ्यावर आणि चांगल्या गिलाव्यावर येईल अशी, पितळी स्क्रूने टाचली.

लोखंडी चौकटीच्या जागी कडाप्पा. स्वयंपाकघराच्या ओट्याचा उरलेला तुकडा पडवीत पडून होता, त्याच्या दोन पट्ट्या कापून घेतल्या. एक फटीच्या खाली, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. एक फटीच्या वर, इंचभर पुढे आलेली, आणि तिच्या पोटाला ग्राइंडरने एक खाच. पावसाचं पाणी दगडाच्या कडेवरून पोटाखाली सरकत आत येतं. खाचेपाशी आलं की त्याची पागोळी होऊन तिथेच गळते. कौलांच्या घरात वाढलेल्या माणसाला हे सुचायला अडतीस वर्षं लागावीत याची लाज वाटली. फट साडेनऊ इंच लांब, दीड इंच उंच.

पहिला थर नखाएवढाच. जाळी त्यात दाबली. नऊ वाजेपर्यंत संपवलं, रेघा मारल्या, ओलं पोतं टांगलं. पडलं नाही. दिवसातून सात वेळा बघून आलो.

9 ते 14 फेब्रुवारी

पाणी मारणे, तीन वेळा. मी चिपळूणला कामावर, म्हणून दुपारचं पाणी आईकडे. वाडीतला पिवळा कुत्रा गारव्याला पोत्याखाली येऊन झोपतो.

बुधवारी प्लाय काढला. मागची बाजू काचेसारखी सपाट आली. बघायला कोणी नाही, पण बघितली.

डाव्या कोपऱ्यात केसाएवढी एक रेघ. गवंडीकाका म्हणतात सुकण्याची आहे, दुसऱ्या थरात जाईल.

15 फेब्रुवारी

महाशिवरात्र. शेजारगावी वेळणेश्वरला जत्रा, काम बंद. रांगेत दोन तास. संध्याकाळी आलो तर पोतं ओलं. आईने उपासाच्या दिवशीही पाणी चुकवलं नव्हतं.

16 फेब्रुवारी

रजा टाकली. दुसरा थर. वाळू बारीक चाळून घेतली, माल तोच, एकास एकास सहा. कोपऱ्यातली रेघ छिन्नीच्या टोकाने उघडून ओली करून भरली.

खरी मेहनत पोत जुळवायची. बाबांच्या वेळच्या गिलाव्याला किंचित खरबरीतपणा आहे, जवळून पाहिलं तर बारीक चौकड्या दिसतात. स्पंज फिरवून पाहिला, नाही जुळलं. लाकडी ठोकळा फिरवला, नाही. मग लक्षात आलं की त्या चौकड्या म्हणजे गोणपाटाची वीण. ओला गिलावा त्यांनी गोणपाटाने पुसून घेतला असणार. पडवीतून जुनं पोतं आणलं, झटकलं, पिळलं आणि हलकेच दाबत गेलो. जुळलं. सांधा कुठे आहे ते मला माहीत आहे म्हणून मला दिसतो.

वर चकचकीत रबडी फिरवली नाही, हे नोंदवून ठेवतो.

21 फेब्रुवारी

फटीला आतून ट्रकच्या ट्यूबच्या रबराची पट्टी लावली, झाकणाच्या जागी. पत्र ढकललं की वाकते, पुन्हा खाली येते. पाल, कुंभारीण आणि वाळवी यांना यापुढे दुसरं घर बघावं लागेल.

आज चुन्याचा पहिला हात. ऑइलपेंट किंवा प्लास्टिक रंग नाही, तेच श्वासाचं कारण. चुना लावल्या लावल्या पाणचट दिसतो, काही लागलंच नाही असं वाटतं. सुकेपर्यंत धीर धरायचा.

22 फेब्रुवारी

दुसरा हात, मग अक्षरं. आडनाव, घर क्रमांक, पिन कोड. जुन्या पुठ्ठ्यातून आकडे कापून गेरूने भरले.

पिनचे आकडे भरताना एक गोष्ट आठवली. ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली आणि ती ज्यांनी आखली ते श्रीराम भिकाजी वेलणकर आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतात लिहिणारे कवी. सहा आकड्यांत अख्खा देश बसवला. पहिला 4 आपला आणि गोव्याचा, मध्य प्रदेश-छत्तीसगडचाही. 415 पर्यंत आलं की रत्नागिरी आणि सातारा एकत्रच असतात: साताऱ्याचा 415001, रत्नागिरीचा 415612. सह्याद्री मध्ये आडवा असला तरी टपालाच्या हिशेबात घाटावरचे आणि खालचे एका थैलीत. ही माहिती मी फाटकापाशी उभं राहून आईला सांगितली. ती म्हणाली, "5 उलटा काढलायस." काढला होता. पुसून पुन्हा चुना, पुन्हा गेरू.

24 फेब्रुवारी

पोस्टमनदादा आले. सायकलवरूनच सवयीने हात खाली नेला, जिथे भोक होतं तिथे. बोटांना चुना लागला. थांबले, खांबाकडे बघितलं, चष्मा वर केला. "ह्ये कवा केलं?" मग पत्र फटीतून टाकलं, रबराची पट्टी वाकून परत आली तशी पुन्हा एकदा नुसतंच बोट घालून वाकवून बघितली.

गेल्या सप्टेंबरात रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळल्यापासून त्यांना रोज कोणीतरी विचारतं, आता टपाल बंद होणार का. "बंद व्हनार आस्तं तर तुमी पेटी कशाला बांधली आस्ती?" असं मलाच म्हणाले आणि पुढच्या घराकडे गेले.

पत्र बँकेचं होतं. मागच्या दाराने काढलं. दार अजून जुन्या लोखंडी पत्र्याचंच आहे, आणि खालच्या बिजागरीपाशी गिलावा थोडा फुगल्यासारखा दिसतो. ठोकून पाहिलं. डब.